यवतमाळ : पाणीपुरवठा आणि नागरी लवचीकता

विदर्भातील जिल्ह्याचे ठिकाण. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ४४५ मी.; नगर परिषदेची लोकसंख्या १,१६,५५१ (२०११). पुढे हद्दवाढ झाली आणि लोहारा, वडगाव, वाघापूर, उमरसरा ही लगतची गावे शहरात आली. अवर्षण, पूर किंवा यंत्रणेतील बिघाड सोसून रोजचे व्यवहार चालू ठेवण्याच्या शहराच्या क्षमतेला नागरी लवचीकता म्हणतात. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्मार्ट सिटी अभियानात १०० शहरे होती, त्यांत यवतमाळ नव्हते. तरीही ही क्षमता कशावर ठरते हे पाहायला राज्यात यवतमाळइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

शहर पठारावर आहे. जिल्ह्याच्या मोठ्या नद्या, उत्तरेची वर्धा आणि दक्षिणेची पैनगंगा, दूर सीमेवरून वाहतात. उशाशी आहेत ते लहान ओढे-नाले. त्यामुळे शहराची भिस्त जवळच्या निळोणा आणि चापडोह या लहान धरणांवर राहिली. पाणलोट तोकडा असल्याने चांगल्या पावसात ती भरतात, पण ओढ दिलेल्या एका पावसाळ्याची तूट पुढच्या उन्हाळ्यातच उघडी पडते. २०१७चा पावसाळा कमी पडला आणि २०१८च्या उन्हाळ्यात दोन्ही धरणांनी तळ गाठला. नळाला पाणी पंधरा-वीस दिवसांआड येऊ लागले; गोखी प्रकल्पातून तातडीने पाणी आणावे लागले, टँकर फिरू लागले. अशा वेळी टंचाई सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. ज्याच्या अंगणात जमिनीखालचे टाके आणि टिल्लू पंप आहे, तो पाणी सुटताच ओढून घेतो; नळाच्या टोकाकडील घराला दोन-चार ड्रमांवर पंधरवडा काढावा लागतो. शिवाय आरोग्य विभाग आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतो. डेंग्यूच्या डासाच्या दृष्टीने सल्ला योग्यच आहे, पण भरलेला ड्रम ओतायचा तर पुढचे पाणी कधी येणार हे ठाऊक हवे.

स्मार्ट सिटी अभियानाच्याच दिवशी सुरू झालेल्या अमृत योजनेत मात्र यवतमाळ आले आणि बेंबळा प्रकल्पातून पाणी आणण्याचे काम हाती घेण्यात आले. चाचणीत जलवाहिनी फुटल्याने ते रखडले. मोठ्या धरणाशी शहर जोडले की प्रश्न मिटतो, असा युक्तिवाद येथे केला जातो. त्यात तथ्य आहे: बेंबळ्याचा साठा स्थानिक धरणांपेक्षा कितीतरी मोठा आहे. पण ते पाणी पठारावर उपसून चढवावे लागते. विजेचे बिल, पंपाचा बिघाड, वाहिनीची गळती आणि सिंचनाचा हक्क या चार गोष्टी त्याच्या जोडीनेच येतात. जवळचा स्रोत सोडून दूरच्या एकावरच विसंबल्यास धोका नाहीसा होत नाही, त्याची जागा तेवढी बदलते.

दुसरा युक्तिवाद असा की, स्मार्ट सिटीचा दर्जा आणि निधी मिळाला असता तर हे दिवस आलेच नसते. सोलापूरकडे पाहिले की तो लंगडा पडतो. अभियानाच्या पहिल्याच यादीत (जानेवारी २०१६) सोलापूर होते, तरी तेथील नागरिकांना त्यानंतरही कित्येक वर्षे काही दिवसांआडच पाणी मिळत राहिले आणि उजनी धरणाहून समांतर जलवाहिनीची वाट पाहावी लागली. नियंत्रण कक्ष, संवेदक, मीटर निरुपयोगी आहेत असे नव्हे. गळती शोधायला त्यांच्याइतके चांगले साधन नाही. मात्र वाहिनीत पाणीच नसेल, तर मीटर शून्य तेवढे अचूक दाखवील.

कारभाराची रचनाही विचारात घ्यावी लागते. यवतमाळचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाहते, तर बांधकाम परवानगी, नाले आणि सांडपाणी नगर परिषदेकडे आहे. नव्या वसाहतीला परवानगी देणारा एक आणि तिला पाणी पुरवणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. हद्दवाढीनंतर तिचा ताण वाढला. पुराच्या बाबतीतही हीच विभागणी आड येते. २२ जुलै २०२३च्या अतिवृष्टीने पाच वर्षांपूर्वी तहानलेल्या या शहरातील सखल वस्त्यांत पाणी शिरले. जिल्ह्यात महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे अडकलेल्यांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली. पठारावरच्या शहराला पूर येतो कारण पाणी नाल्यांतून झपाट्याने उतरते, आणि नाल्याची वाट अरुंद झाली की ते घरात शिरते. मुरवायला आणि वाहून जायला जागा ठेवणे हे टंचाई आणि पूर या दोन्हींवरचे काम आहे, पण पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात त्याला सहसा स्थान मिळत नाही.

म्हणून बेंबळ्याचे पाणी पुरेसे मिळू लागले तरी निळोणा-चापडोहचा गाळ काढणे, त्यांचा पाणलोट बांधकामापासून राखणे आणि शहरातील विहिरी वापरात ठेवणे हा खर्च नगर परिषद व प्राधिकरण यांनी मिळून दरवर्षीच्या अंदाजपत्रकात धरायला हवा.