साग कुणाचा?

कार्ल्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या छताकडे मान वर करून पाहिलं, तर दगडाला लागून बसवलेल्या लाकडी कमानी दिसतात. सागाच्या या कमानींचं वय सुमारे दोन हजार वर्षं. छताचा भार त्यांच्यावर नाही, हे खरं. पण वाळवी, दमट हवा आणि मावळातला पाऊस यांना त्या पुरून उरल्या आहेत.

असं काय आहे या लाकडात? सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे वाळवी आणि बुरशी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. पावसाळ्यात फुगणं, उन्हात आकसणं, तडकणं हेही त्यात कमी. म्हणून आपल्या वाड्यांचे खांब, तुळया आणि दरवाजे सागाचे. जहाज बांधणाऱ्यांना त्याचा आणखी एक गुण मोलाचा वाटे. युरोपातल्या ओक लाकडातल्या आम्लामुळे लोखंडी खिळे गंजत. सागात मारलेला खिळा वर्षानुवर्षं टिके.

हेच गुण सागाच्या मुळावर आले. ज्याला आरमार हवं, त्याला साग हवा.

इ.स. १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाचा विचार आहे. स्वराज्यातल्या रानातला साग लागेल तेवढा, पण हुजूरची परवानगी घेऊनच तोडावा. बाकीचं लाकूड परमुलखातून विकत आणावं, असं त्यात सांगितलं आहे. आंबा-फणसाला मात्र हात लावायचा नाही, कारण ही झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली. जीर्ण झाड घ्यायचं झालं, तरी धन्याला राजी करून आणि पैसे मोजूनच. लाकडाची गरज राज्याची. पण रयतेचं झाड रयतेचंच, हा भेद इथे स्पष्ट आहे.

पुढे ईस्ट इंडिया कंपनीने हा भेद ठेवला नाही. १७३६मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि वाडियांच्या पिढ्यांनी मुंबईच्या गोदीत सागाची जहाजं बांधली. १८१७मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका मलबारी सागाची. ती आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर आहे. १८४२चा नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला, तेही मुंबईचंच.

या सागासाठी कंपनीने १८०६मध्ये कॅप्टन वॉटसन यांना मलबारात वनरक्षक नेमलं. साग सरकारचा, असं ठरवून त्यांनी मक्तेदारी उभी केली. जमीनमालक आणि व्यापारी यांची ओरड इतकी वाढली, की मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांच्या काळात, १८२३मध्ये, हे पद रद्द झालं. मग मोकाट तोड सुरू झाली. म्हणजे सरकारचा एकाधिकार लोकांना जाचला आणि त्यानंतरचा मोकळा बाजार जंगलाला महागात पडला. तोडलेल्याच्या जागी नवा साग हवा, हे उमगून कलेक्टर कोनोली यांनी १८४०च्या दशकात निलंबूरला सागाची लागवड करवली.

मुंबई इलाख्यात १८४७मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनरक्षक झाले. १८५३मध्ये रेल्वे सुरू झाली आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरांनी मागणी आणखी वाढवली. १८६५ आणि १८७८च्या वन कायद्यांनी मोठाली राखीव रानं सरकारच्या ताब्यात गेली. साग वाचवण्याचं कारण सांगितलं गेलं. त्याच रानातला सरपण, चराई, मध-मोहाचा हक्क मात्र लोकांना गमवावा लागला किंवा सवलत म्हणून मागावा लागला.

आज महाराष्ट्रात उत्तम सागाचं नाव निघालं, की चंद्रपूर-गडचिरोलीकडे, आलापल्लीकडे बोट जातं. याच गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. बांबू, तेंदू ही त्या कायद्यात गौण वनोपज आहेत आणि त्यांवर ग्रामसभेची मालकी आहे. सागाचं इमारती लाकूड त्या यादीत नाही.

कार्ल्याच्या कमानींनी सागाचा टिकाऊपणा केव्हाच सिद्ध केला आहे. तो कुणाचा, या प्रश्नाचा निकाल मात्र ज्यांच्या अंगणालगत तो वाढतो, त्यांना विचारून अजून लागायचा आहे.