नसलेल्या हाताची कळ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा संपांचा किंवा गिरणगावचा इतिहास असावा. तो विषय बाजूस ठेवून आम्ही आज एका दुखण्याचा इतिहास सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा नववीत सुटली, आणि पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभासद घरी गेल्यावर. परंतु हे दुखणे आमच्याकडे पुस्तकातून आले नाही. ते पॉवर प्रेसवरून आले.

चाकणच्या बाजूस एका कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर आमच्या एका सभासदाचा उजवा हात मनगटापासून गेला. जखम भरली, टाके निघाले. दोन महिन्यांनी तो कचेरीत येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, हात तुटला खरा, पण त्यो अजून डायखालनं निघालाच न्हाई. मूठ आवळलीया, नखं तळव्यात रुतत्यात. रातभर झोप न्हाई." कारखान्याच्या डॉक्टराने त्याला विचारले होते की जो हात नाही तो दुखेल कसा? भरपाई वाढवून घेण्याचे हे सोंग आहे, असा त्याचा अभिप्राय. खरे सांगावयाचे तर क्षणभर आमच्याही मनात तोच संशय आला. त्या संशयाची लाज वाटली म्हणून आम्ही वाचावयास घेतले.

वाचता वाचता प्रथम भेटला तो अँब्रॉस पारे. सोळाव्या शतकातला हा फ्रेंच शस्त्रवैद्य मुळात न्हावी. त्या काळी चाकू हाती धरणे पदवीधर वैद्यांना कमीपणाचे वाटे, म्हणून हातपाय कापण्याचे काम न्हाव्यांकडे असे. पारेला लॅटिन येत नव्हते; त्याने आपले ग्रंथ बोलीच्या फ्रेंचमध्ये लिहिले आणि त्याबद्दल पॅरिसच्या पंडितांचा रोष ओढवून घेतला. हातपाय कापल्यावर रक्त थांबविण्यासाठी तापल्या लोखंडाचा डाग देण्याऐवजी रक्तवाहिनी दोऱ्याने बांधावी, हे त्याने रणांगणावर करून दाखविले. याच माणसाने लिहून ठेवले की, अवयव कापून महिने लोटल्यावरही रोगी त्या गेलेल्या भागात वेदना होते असे सांगतात. विद्वत्तेचा भार नसल्यामुळे असेल, त्याने रोग्याचे म्हणणे ऐकले आणि जसे ऐकले तसे लिहिले. आमच्यासारख्या अर्धशिक्षिताला पारेचा अभिमान वाटला तर श्रोत्यांनी क्षमा करावी.

पुढे १६४४ साली तत्त्ववेत्ता देकार्त याने एका मुलीची हकीकत दिली. तिचा हात कोपरापर्यंत कापला होता, पण पट्ट्या अशा बांधल्या की तिला ते कळू नये. ती मात्र कधी या बोटात, कधी त्या बोटात दुखते म्हणून तक्रार करी. देकार्तने यावरून अनुमान काढले की वेदना हातात जाणवत नाही, मेंदूत जाणवते. अनुमान मोठे होते. त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मात्र त्याने सांगितले नाही.

यानंतर दोन शतके फारसे काही घडले नाही. घडले ते अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ च्या दरम्यान. शिशाच्या गोळ्यांनी हाडांचा चुरा होई आणि डॉक्टर हातपाय कापीत. फिलाडेल्फियातील टर्नर्स लेन रुग्णालयात मज्जातंतूंना इजा झालेले सैनिक ठेवले होते. तेथे सायलस वेअर मिचेल नावाचा डॉक्टर होता. त्याने या सैनिकांना विचारले, आणि बहुतेक सगळ्यांनी सांगितले की गेलेला हात किंवा पाय अजून आहे. कित्येकांचा तो हात घट्ट मिटलेला, पिळवटलेला; तो सोडविता येत नाही.

मिचेलने काय करावे? १८६६ च्या जुलैत 'अटलांटिक मंथली' या मासिकात त्याने आपले नाव न घालता एक गोष्ट छापविली. जॉर्ज डेडलो नावाच्या लष्करी डॉक्टराचे चारही अवयव जातात. शुद्धीवर आल्यावर तो परिचारकाला म्हणतो, डाव्या पोटरीत वांब आला आहे, जरा चोळ. आणि परिचारक त्याला सांगतो की तुझे पायच राहिलेले नाहीत. शेवटी मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठकीत डेडलोचे पाय त्याला परत भेटतात, हा सारा कल्पनेचा खेळ. पण वाचकांनी गोष्ट खरी मानली. डेडलोसाठी लोकांनी पैसे जमविले, कोणी त्याला भेटावयासही निघाले! मिचेलने या प्रकाराला 'भुताचा अवयव' या अर्थाचे इंग्रजी नाव दिले ते १८७१ मध्ये, आणि शास्त्रीय ग्रंथ लिहिला १८७२ मध्ये. म्हणजे डझनांनी रोगी समोर असताना या डॉक्टराने आधी निनावी कथा लिहिली आणि स्वतःच्या नावाने शास्त्र मागाहून सांगितले. सहव्यवसायी हसतील अशी भीती त्याला वाटली असावी, असा आमचा तर्क आहे. जेथे डॉक्टराची ही अवस्था, तेथे रोग्याने कोणाला सांगावे?

येथे एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. त्याच काळी अमेरिकेच्या रेल्वेवर डबे जोडणाऱ्या कामगारांची बोटे रोज तुटत होती. दोन डब्यांच्या मध्ये उभे राहून कडीत खिळा घालावयाचा, आणि क्षणाचा उशीर झाला की बोट गेले. आपोआप जुळणाऱ्या कड्यांची सक्ती करणारा कायदा १८९३ साली आला. या कामगारांनाही रात्री तीच कळ येत असणार. पण सैनिक एका वॉर्डात शंभराने भरती होतात, डॉक्टर त्यांना ओळीने विचारू शकतो. कामगार एकेकटा रुग्णालयात येतो आणि एकेकटाच घरी जातो. या दुखण्याचे ज्ञान वाढले ते बरेचसे युद्धामागून.

उपाय म्हणून शंभर वर्षे काय केले गेले? राहिलेला खुंट पुन्हा वर कापला, मज्जातंतू तोडले, अफूची औषधे दिली. देकार्तने वेदना मेंदूत आहे असे सांगितले होते, आणि शस्त्र चालत होते खुंटावर.

विसाव्या शतकात कॅनडाचे शस्त्रवैद्य पेनफील्ड यांनी मेंदूवर शरीराचा नकाशा असल्याचे दाखविले. त्या नकाशात हाताची जागा चेहऱ्याच्या शेजारी येते. मद्रासेत वैद्यकी शिकून कॅलिफोर्नियात गेलेल्या विलयनूर रामचंद्रन यांनी १९९२ च्या सुमारास हात गेलेल्या माणसांच्या गालाला कापसाची काडी लावून पाहिली. त्यांना स्पर्श गेलेल्या बोटांवर जाणवला. यावरून शेजारच्यांनी हाताची मोकळी जागा बळकाविली, असा सिद्धान्त निघाला आणि बरीच वर्षे तो मान्यही झाला. पण टॅमर मेकिन या विदुषीने २०१३ मध्ये, आणि सहकाऱ्यांसह तीन रोग्यांचे शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर मेंदूचे आलेख घेऊन २०२५ मध्ये दाखविले की हाताचा नकाशा तेथेच, जवळजवळ जसाच्या तसा असतो. हा वाद अजून मिटलेला नाही. आमच्या सभासदाला आम्ही एवढेच सांगितले की तुझा हात कारखान्याने नेला तरी मेंदूने अजून त्याचे नाव हजेरीपटावरून काढलेले नाही.

रामचंद्रन यांची खरी कमाई म्हणजे आरसा. खोक्यात उभा आरसा ठेवावयाचा, धडधाकट हात त्याच्यासमोर धरावयाचा आणि प्रतिबिंबाकडे पाहावयाचे. जेथे हात नाही तेथे हात दिसतो. चांगली मूठ उघडली की ती दुसरीही उघडताना दिसते, आणि कित्येकांची वर्षांची आवळलेली मूठ सुटते. खर्च एका आरशाचा. पुढे इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांतून पाय गमावून आलेल्या सैनिकांवर वॉल्टर रीड या अमेरिकी लष्करी रुग्णालयात त्याची परीक्षा झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात १८ जण शेवटपर्यंत टिकले: ६ जणांना आरसा, ६ जणांना झाकलेला आरसा, ६ जणांना नुसती कल्पना. रोज १५ मिनिटे, चार आठवडे. आरसेवाल्या सहाही जणांची वेदना कमी झाली.

आरशाला एक मर्यादा आहे. दुसरा हात शाबूत हवा, आणि मान जरा वळली की भास मोडतो. ही उणीव भरून काढावयास संगणकाचे लोक पुढे आले. मँचेस्टरच्या क्रेग मरे यांच्या मंडळीने २००७ च्या सुमारास रोग्याच्या डोळ्यांवर पडद्याचा चष्मा चढविला. उरलेल्या अवयवाची हालचाल यंत्राने टिपून चित्रातल्या दुसऱ्या अवयवाला द्यावयाची. मग माणूस त्या चित्रमय जगात चेंडू मारतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे मॅक्स ऑर्टिझ कॅटलन यांनी याहून पुढची पायरी गाठली. त्यांनी दुसऱ्या हाताकडे पाहिलेच नाही. खुंटाच्या स्नायूंवर विद्युत्-पट्ट्या लावल्या. गेलेला हात हलविण्याची इच्छा केली की खुंटातले स्नायू थोडे आवळतात. यंत्र ते ओळखते आणि पडद्यावरचा हात तसाच हलतो. ४८ वर्षे वेदना सोसलेल्या एका रोग्याने याच रीतीने पडद्यावर शर्यतीची मोटार हाकली, ती हकीकत २०१४ ची. २०१६ मध्ये १४ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. इतर उपचारांनी दाद न दिलेल्या या लोकांची वेदना १२ बैठकींनंतर सरासरीने निम्म्याच्या आसपास उतरली. १४ म्हणजे फार थोडे, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेव्हा याला रामबाण म्हणू नये. परंतु आम्हांला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. येथे यंत्र रोग्याला विचारते की तुझा हात कोणीकडे हलव म्हणतोस, आणि तो सांगेल ते मानते.

मराठीत या चित्रमय जगाला 'आभासी वास्तव' म्हणतात, आणि त्या अवयवालाही 'आभासी' म्हणतात. हा शब्द आम्हांला खटकतो. हात आभासी असेल. कळ आभासी नाही.

असा चष्मा आम्ही एकदाच पाहिला, इंजिनिअरिंगच्या काही पोरांनी आणलेला. तेव्हा आम्ही आरशापासून सुरुवात केली. कचेरीशेजारच्या सलूनवाल्याने, म्हणजे पारेच्याच पेशातल्या माणसाने, आपला जुना आरसा दिला. ट्यूबलाइटच्या दुकानातले खोके आणले. हे कोणी डॉक्टराला न विचारता करू नये. आम्ही सरकारी रुग्णालयातल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारून केले. पहिल्या दिवशी आमच्या सभासदाला घेरी आली. पाचव्या दिवशी तो आरशाकडे बघत मोठ्याने म्हणाला, "सुटली, दादा, करंगळी सुटली." पूर्ण मूठ अजून सुटलेली नाही, थंडीत कळ परत येते, पण झोप लागते. पाय गेलेल्या दुसऱ्या एकाला मात्र काही गुण आला नाही. आरशात कोणा परक्याचा पाय दिसतो, असे तो म्हणाला आणि पुन्हा बसला नाही.

आता राहिला भरपाईचा प्रश्न. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसा तक्ता आलाच. त्यात अंगठ्याला ३० टक्के, तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, करंगळीला ७, अख्ख्या पंजाला ६०. कमाईची शक्ती किती गेली त्याचे हे माप. गेलेल्या हाडामांसाचा हिशेब त्यात आहे. गेल्यानंतरही जो हात दुखतो, त्याला तक्त्यात ओळ नाही. आमच्या सभासदाचा अर्ज भरताना कारकुनाने ६० चा आकडा घातला आणि कागद सहीसाठी पुढे केला. त्याने डाव्या हाताने पेन धरले आणि विचारले, "साहेब, रातची कळ कुठं लिवायची?" तसा रकाना नाही, असे कारकून म्हणाला. तेव्हा आम्ही तो अर्ज परत घेतला, आणि समासात उभ्या ओळीने, बाईंच्या दाखल्याचा क्रमांक देऊन, ती कळ लिहिली.