वसतिगृहाचा हिशेब

औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयाचा उल्लेख आम्ही साहित्याचे अध्यापक सहसा 'अस्मितादर्श'च्या निमित्ताने करतो. गंगाधर पानतावणे, प्राचार्य म. भि. चिटणीस आणि त्यांचे 'युगयात्रा' हे नाटक, दलित साहित्याची पहिली फळी. एवढे सांगून होईतो तास संपतो. ही फळी राहत कुठे होती आणि जेवत काय होती, हा प्रश्न अभ्यासक्रमात येत नाही. आमच्या मते महाविद्यालयीन शिक्षण गरिबाला परवडण्याचा इतिहास नेमका तिथून सुरू होतो.

मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण ते हैदराबादेत आणि उर्दू माध्यमाचे. बीड-परभणीकडच्या शेतमजुराच्या मुलाला पदवी म्हणजे परके शहर आणि परकी भाषा. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. त्यालाच पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले. याच संस्थेचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ पासून मुंबईत चालू होते. तिथे सकाळचे वर्ग भरत, कारण मुलाने दिवसा नोकरी करून शिकावे ही अपेक्षा होती. औरंगाबादेत मुंबईइतक्या नोकऱ्या कुठल्या? नागसेनवनात वर्गखोल्यांइतकेच महत्त्व वसतिगृहांना आले ते यामुळे. खेड्यातून आलेल्या मुलाची फी माफ केली तरी त्याचा मुक्काम माफ होत नाही.

बाबासाहेबांना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकताना सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते असतानाच, १९४४ साली, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यात फीबरोबर निर्वाहभत्त्याचीही तरतूद असते, हे विसरू नये.

राज्यानेही हात आखडता घेतला नव्हता. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फीची सवलत मिळू लागली. हीच ती घरोघर ठाऊक असलेली 'ईबीसी'. अनेक घरांतला पहिला पदवीधर तिच्याच आधाराने झाला. पण ईबीसीचा हिशेब फीपाशी थांबत होता. पुढे १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली, आणि सारी चर्चा व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या फीभोवती फिरू लागली. २०२४ मध्ये ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना अशा अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. निर्णय चांगलाच आहे; पण बी.ए.ला मराठी घेणाऱ्या मुलीची अडचण मुळात फीची नसते.

तिची अडचण सरकारी आकड्यांतच दिसते. केंद्राच्या २०२१ च्या दरांनुसार साध्या पदवीच्या, वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याचा निर्वाहभत्ता वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५००. उलट, वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याने २०१६-१७ मध्ये 'स्वाधार' योजना आणली, तेव्हा औरंगाबादसारख्या शहरासाठी भोजनाचे २८,०००, निवासाचे १५,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे वर्षाला ५१,००० रुपये धरले. एकाच मुलाच्या पोटाचे हे दोन हिशेब! शिवाय 'स्वाधार'ची गरज पडते, याचाच अर्थ वसतिगृहे पुरी पडत नाहीत. नागसेनवनाने ज्याला शिक्षणाचा पाया मानले, त्याची आता रोख भरपाई होते. तीही ठरावीक प्रवर्गांना, आणि हप्ता येईपर्यंत खानावळवाला थांबेल या भरवशावर.

ज्यांना यांतले काहीच मिळत नाही, त्यांची व्यवस्था एस.टी. करते. गावाहून आईने पाठवलेला डबा सकाळच्या गाडीने येतो. आमच्या पहिल्या तासाला दोन-चार बाके रिकामी दिसली, की ती मुले स्थानकावर गाडीची वाट पाहत असणार, हे आम्हांला न विचारता कळते. त्या तासाची हजेरी आम्ही शेवटी घेतो.