गांधीजींच्या नावावरचं गिऱ्हाईक

तो बोर्ड तुम्ही पाहिलाच असेल. बँकेत, विम्याच्या ऑफिसात, एस.टी. स्टँडसमोरच्या भांड्यांच्या दुकानात, कुठेही. एका बाजूला बापूंचा हसरा फोटो आणि शेजारी ग्राहकाची महती. ग्राहक हा आपल्या दारी आलेला सगळ्यांत मोठा पाहुणा, तो आपल्यावर नाही, आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, त्याचं काम करून आपण उपकार करत नाही, तोच ती संधी देऊन आपल्यावर उपकार करतो... असा काहीसा मजकूर. आणि खाली ठळक अक्षरांत, महात्मा गांधी.

आमच्या वर्धा जिल्ह्यात हा बोर्ड दिसला की त्यावर शंका घ्यायची कोणाची छाती होत नाही. सेवाग्राम इथून हाकेच्या अंतरावर. बापू इथे राहिले, इथल्या मातीत वावरले, तेव्हा ते म्हणालेच असतील असं आपण धरून चालतो. पण काही बोर्डांवर आणि इंटरनेटवर तर हमखास, खाली आणखी एक ओळ असते. "दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०". ही ओळ वाचली की माझ्यातली इतिहासाची मास्तरीण जागी होते. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिकांमधली सनावळी तपासली, ती खोड आता सत्तरी उलटल्यावर थोडीच जाणार!

१८९० साली गांधीजी कुठे होते? लंडनमध्ये. विशीतला, लाजराबुजरा, कायदा शिकणारा मुलगा. १० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि दोनच दिवसांनी मायदेशी यायला निघाले. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी पाऊल ठेवलं ते मे १८९३ मध्ये, दरबानच्या बंदरात. म्हणजे त्या भाषणानंतर तीन वर्षांनी! आणि भाषणाचं म्हणाल तर त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलंय की लंडनच्या शाकाहारी मंडळींच्या सभेत लिहून नेलेले चार शब्दसुद्धा त्यांना वाचता येत नसत. मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना, खाली बसले. तो मनुष्य १८९० साली व्यापाऱ्यांसमोर ग्राहकसेवेवर व्याख्यान देत होता म्हणे.

मग हे शब्द आले कुठून? त्यांच्याशी जवळपास शब्दशः जुळणारा मजकूर १९४१ साली अमेरिकेत छापलेला सापडतो. स्टुडबेकर नावाच्या मोटार कंपनीच्या विक्री विभागाचा प्रमुख केनेथ इलियट याच्या नावावर. ग्राहक म्हणजे काय हे सांगणं अवघड, म्हणून तो काय नाही ते सांगतो, अशी त्याची मांडणी. तिथून तो मजकूर दुकानांच्या, कंपन्यांच्या भिंतींवर चढला आणि प्रवासात कधीतरी त्याच्या खाली आपल्या बापूंचं नाव लागलं. स्टुडबेकरच्या मोटारी १९६६ मध्ये बंद झाल्या, मजकूर मात्र आमच्याकडे अजून धावतोय.

आता कोणी म्हणेल, बाई, वाक्य चांगलं आहे ना? मग कोणाचं का असेना! वाक्य वाईट नाही, हे मीही मानते. पण या उसन्या वाक्यामुळे गांधीजींनी गिऱ्हाईक आणि कामगार यांच्याबद्दल खरोखर जे केलं ते झाकलं जातं. आणि त्यातला मोठा भाग तर आपल्या वर्ध्यात घडलेला आहे.

दक्षिण आफ्रिकेपासूनच सुरुवात करू. गांधीजी तिथे गेले ते दादा अब्दुल्ला या पोरबंदरच्या मेमन पेढीच्या कामासाठी. एक वर्षाचा करार, जाण्यायेण्याचं पहिल्या वर्गाचं भाडं आणि १०५ पौंड. हे काही बॅरिस्टर म्हणून जाणं नव्हे, पेढीचा नोकर म्हणून जाणं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दावा ४०,००० पौंडांचा आणि तोही नात्यातल्याच तय्यब शेठवर. गांधीजींनी कागद वाचले, दादा अब्दुल्लांची बाजू खरी आहे हे पाहिलं. पण वकिलांच्या फीमध्ये दोन्ही घरं धुऊन निघणार हेही पाहिलं, आणि दोघांना लवादापुढे आणलं. दादा अब्दुल्ला जिंकले. ३७,००० पौंड आणि खर्च. एवढी रक्कम एकदम भरायची तर तय्यब शेठचं दिवाळं निघणार, आणि त्या मेमन व्यापाऱ्यांत दिवाळ्यापेक्षा मरण बरं. तेव्हा गांधीजींनी आपल्याच अशिलाचं मन वळवून पैसे लांबच्या हप्त्यांनी घ्यायला लावले.

आपलं गिऱ्हाईक म्हणजे दादा अब्दुल्ला. गिऱ्हाईक हाच देव असता तर जिंकलेल्या खटल्याची पै न पै वसूल करून दिली असती, नाही का? गांधीजींनी गिऱ्हाईकाचं काम चोख केलं आणि वर त्याला थोडं थांबायलाही लावलं. बोर्डावरच्या वाक्यात हे बसत नाही.

दुसरा प्रसंग अहमदाबादचा. हा शाळेत शिकवताना मला फार आवडायचा, कारण त्यात भाऊ-बहीण समोरासमोर आहेत. १९१७ साली अहमदाबादेत प्लेग आला. कामगार गाव सोडून पळू लागले, तसा गिरणीमालकांनी त्यांना धरून ठेवण्यासाठी बोनस सुरू केला. प्लेगचा बोनस! विणकरांना पगाराच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत. जिवावर उदार होऊन मागावर उभं राहिल्याबद्दलची ही कदर. प्लेग ओसरला आणि मालकांनी कदरही आटोपती घेतली. महागाई मात्र ओसरली नव्हती. कामगारांनी ५० टक्के वाढ मागितली, मालक २० वर अडले. गांधीजींनी बाजारभाव, मुंबईचे पगार, गिरण्यांची स्थिती यांचा हिशेब मांडून ३५ टक्के हा आकडा काढला. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, कामगारांच्या बाजूला त्यांचीच सख्खी बहीण अनसूयाबेन. २२ फेब्रुवारी १९१८ ला टाळेबंदी झाली. १५ मार्चला गांधीजींचा उपास सुरू झाला आणि १८ मार्चला तोड निघाली. पहिल्या दिवशी ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी २०, तिसऱ्या दिवसापासून साडेसत्तावीस आणि पुढचं लवाद ठरवील. लवाद होते आनंदशंकर ध्रुव. त्यांनी अखेर ३५ टक्केच दिले.

पुढचा भाग पाठ्यपुस्तकात नसतो. तडजोड झाल्यावर मालकांनी खुशीने कामगारांना मिठाई वाटायचं ठरवलं. ज्या झाडाखाली रोज संपाच्या सभा होत, तिथेच वाटप. कामगार शिस्तीत उभे राहतील अशी सगळ्यांना खात्री, पण शहरातल्या भिकाऱ्यांना सुगावा लागला आणि ते रांगांत घुसले. अशी झोंबाझोंबी झाली की वाटप थांबवावं लागलं. मग दुसऱ्या दिवशी अंबालाल शेठच्या मिर्झापूरच्या बंगल्याच्या आवारात ती मिठाई नीट वाटली गेली. गांधीजींनी हे सगळं आत्मकथेत लिहिलंय, आणि शेवटी त्यांचं मन मिठाईत नाही, त्या भिकाऱ्यांच्या भुकेत अडकलेलं दिसतं.

मिठाई वाईट नव्हेच. पण ती ३५ टक्क्यांच्या नंतर आली. आधी आली असती तर?

आता वर्धा. १९३४ मध्ये गांधीजी जमनालालजींच्या आग्रहाने वर्ध्याला आले. १९३५ साली त्यांचा मुक्काम मगनवाडीत होता. शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, ते राहायला गेले ३० एप्रिल १९३६ ला. मगनवाडीतल्या त्या दिवसांत त्यांच्या मनाला एक गोष्ट लागली. चरखा संघाला तोवर दहा वर्षं झाली होती. खादी गिरणीच्या कापडापुढे टिकली पाहिजे, म्हणून सगळा जोर ती स्वस्त करण्यावर. शहरातल्या गिऱ्हाईकाला परवडली पाहिजे, त्याने नाक मुरडता कामा नये. गांधीजींचा स्वतःचाही आग्रह तोच होता. आणि ही स्वस्ताई निघत होती कुठून? कातणाऱ्या बाईच्या बोटांतून. आठ तास चरखा फिरवून हातात पडायचा आणा-दीड आणा.

त्यांनी मग सरळ सवाल टाकला की कातणारीला आठ तासांचे आठ आणे का मिळू नयेत? कार्यकर्ते हादरले असणार. भाव वाढले तर खादी घेणार कोण? तरी ऑक्टोबर १९३५ मध्ये चरखा संघाने निर्वाह मजुरीचं धोरण स्वीकारलं. बाईला पोटभर खायला आणि अंगभर ल्यायला किती लागतं त्याचा हिशेब करून दर ठरवायचा, आणि हा दर देणाऱ्या दुकानालाच खादीचं प्रमाणपत्र द्यायचं. प्रमाणित खादी हा शब्द आपण लहानपणी दुकानांच्या पाट्यांवर वाचायचो, त्यामागे हे होतं. आठ आण्यांपर्यंत मजल काही गेली नाही. पण दर वाढले. खादी महागली. गिऱ्हाईक कुरकुरलं. आणि गांधीजींचं त्यावर म्हणणं असं की गिऱ्हाईकाने तेवढे पैसे द्यावेत, ते त्याचं देणंच आहे.

इकडे वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी तर स्वतः रोज तासन्‌तास कातून त्याच मजुरीत जगून पाहिलं. मजुरी ठरवणाऱ्याने ती आधी खाऊन पाहावी, हा प्रकार मला फार मोठा वाटतो. आजकालच्या किती मॅनेजरांना तो झेपेल?

सगळंच मला पटतं असं नाही. कातणाऱ्यांनी आणि विणणाऱ्यांनी स्वतः खादीच वापरली पाहिजे अशी अट त्या धोरणाबरोबर आली, आणि मजुरीचा काही भाग कापडाच्या रूपाने दिला जाऊ लागला. तत्त्व म्हणून ठीक. पण जिला तेल-मीठ आणायचंय तिच्या हातावर लुगड्याचा हिशेब ठेवायचा, हे कदर करणं की शिस्त लावणं? दुसऱ्याच्या भल्यासाठी नियम करणाऱ्यांचं असं होतं कधीकधी. शिक्षकांचंही होतं.

माझी आजी कातायची. गुंड्या मोजताना तिचे ओठ हलत असत. कापडाच्या दुकानात ती तासभर घासाघीस करायची, दुकानदाराला रडकुंडीला आणायची. पण बाजारात टोपल्या विकायला बसलेल्या बुरुडाच्या बायकोने सांगितलेला भाव मात्र मुकाट्याने मोजायची. आईने एकदा विचारलं तर म्हणाली, "तिचे हात पाह्यले का तू?" बस.

आमच्याकडे कदर दाखवायची जुनी रीतही आहेच की. पोळा! बैलाचे खांदे शेकायचे, त्याला जेवणाचं आवतण द्यायचं, दुसऱ्या दिवशी सजवून मिरवायचा आणि बैल घेऊन दारोदार येणाऱ्या गड्याला बोजारा द्यायचा. लहानपणी तान्ह्या पोळ्याला आम्हीही लाकडी बैल घेऊन बोजारा गोळा करायचो, नाणी मोजताना काय तो आनंद! मोठी झाल्यावर कळलं की सालदाराचं साल पाडव्याला ठरतं, आणि तिथे चार पैसे कमी द्यायचे नि पोळ्याला सगळ्या गावासमोर सढळ हाताने बोजारा द्यायचा, हीही एक रीत होती. सगळेच असे नव्हते. पण होते.

माझ्या एका भाच्याचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं, खतं, फवारण्या. गिऱ्हाइकांना दिवाळीला कॅलेंडर देतो, चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, कापूस विकला जाईपर्यंत उधारीला थांबतो. पेरणीच्या दिवसांत मात्र त्याची तीन पोरं सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत पोती उचलत असतात. त्याने दुकान नव्याने सजवलं, तेव्हा बापूंचा तो बोर्ड लावतोय म्हणून मला मोठ्या कौतुकाने फोन केला. मी त्याला १८९० पासून १९३५ पर्यंत सगळं ऐकवलं. शहाणा मुलगा, निमूट ऐकून घेतलं.

"मावशी," शेवटी म्हणाला, "मग पोरांचं काय करू म्हणतेस?"

मी म्हटलं, "रात्री सातनंतरचे तास मोज आणि त्याचे पैसे वेगळे दे. किती द्यायचे ते तुझं तू बघ, पण एक दिवस तू स्वतः पोती उचलून बघ आधी."

थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग म्हणाला, तासांचं बघतो, पण बोर्ड छापून आलाय, चौदाशे रुपये पडले. गेल्या आठवड्यात दुकानात गेले होते. बोर्ड आहे. १८९० वर पांढरी पट्टी चिकटवलीय. आणि काउंटरमागच्या खिळ्याला एक लांबट वही टांगलेली दिसली, तिच्यात तीन नावं आणि पुढे तास लिहिलेत. आकडे त्याच्याच अक्षरात होते, म्हणून पोरांना विचारलं, बरोबर लिहितो का रे तो? सगळ्यांत लहाना हसला आणि म्हणाला, "मंगळवारचा अर्धा तास राह्यला, आजी."