रानपिंगळ्याचा पुरावा

दुर्मीळ पक्ष्याची नोंद एकेकाळी बंदुकीनं होत असे. डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडात एक अनोळखी पिंगळा टिपला; तोच रानपिंगळा. पक्षितज्ज्ञ ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याला ब्लेविट यांचंच नाव दिलं. खानदेशातले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनीही शहाद्याकडचे नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा कुणाच्या हाती लागला नाही.

मधल्या काळात ब्रिटिश पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ ची गुजरातमधली नोंद मिरवली. ती बनावट निघाली. संग्रहालयातून चोरलेल्या डेव्हिडसनच्याच नमुन्यावर त्यांनी नवी चिठ्ठी लावली होती! पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली. खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळत २५ नोव्हेंबर १९९७ ला त्या सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ पोचल्या आणि रानपिंगळा समोर बसलेला सापडला. या वेळी पुरावा होता कॅमेऱ्याचा.

पुढच्या काही वर्षांतच मेळघाटच्या सागवानी रानातही तो आढळला आणि वऱ्हाड जगाच्या पक्षी-नकाशावर ठळक झालं.

गावातला नेहमीचा पिंगळा आणि हा, यांत गल्लत सहज होते. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळपास नसतात, शेपटीवर रुंद पट्टे असतात आणि तो भरदिवसा शिकार करतो. म्हणूनच अमरावती-अकोल्याच्या पक्षिमित्रांनी फोटो, तारीख आणि जागा नीट टिपून ठेवावी. घरट्याचा ठावठिकाणा मात्र चारचौघांत सांगू नये.