रागांची तबकडी, जॅझची चाल : १९६८ चा एक वाद

मुंबई-आग्रा रस्त्यावरील चांदवडसारख्या गावात १९६८ साली जॅझ ऐकणारे कोण होते? उत्तर थोडे अनपेक्षित आहे : ज्याच्या कानावर रेडिओ पडत होता, तो जवळजवळ प्रत्येक जण. फक्त आपण जे ऐकतो त्याला जॅझ म्हणतात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. #धागा

पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या 'अलबेला'त ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मराठी-हिंदी श्रोत्यांच्या घराघरांत पोहोचवले. त्यामागे चिक चॉकलेट यांच्यासारखे गोमंतकीय वादक होते. त्यांचे खरे नाव आंतोनियो शाव्हियेर वाझ. रेडिओवर गायकाचे, संगीतकाराचे, गीतकाराचे नाव येई. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे येत नसे.

हे वादक चित्रपटांत कसे आले? गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली जाई. पोटासाठी ही मुले मुंबईस आली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा अमेरिकी बँड ताजमहाल हॉटेलात वाजला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले आणि मुंबईला जॅझची गोडी लागली. स्वातंत्र्यानंतर संस्थानिक आणि गोरे गिऱ्हाईक ओसरले, १९४९ चा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतील रात्री मंदावल्या. चित्रपटांचे ध्वनिमुद्रण मात्र वाढत होते. दिवसा स्टुडिओ, रात्री उरलासुरला जॅझ, असा या मंडळींचा दिनक्रम झाला.

अशा वेळी, 'ब्रह्मचारी'च्या गाण्यांनी गाजलेल्या १९६८ या वर्षी, शंकर-जयकिशन यांची एक तबकडी एचएमव्हीने काढली : 'रागा जॅझ स्टाइल'. तोडी ते भैरवी असे अकरा राग. शब्द नाहीत, गायक नाही, चित्रपटही नाही. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग आणि सुरेश यादव, ट्रम्पेटवर जॉन परेरा, तबल्यावर रमाकांत, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो. गिटार दिलीप नाईक आणि अनिबाल कास्ट्रो यांची. पियानो लुसिला पाचेको यांचा. चित्रपटांच्या वाद्यवृंदातील मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक.

वादाचे मूळ त्या पियानोतच आहे. पियानोची पट्टी दाबली की स्वर जिथे लागायचा तिथे लागतो. त्याला ओढता येत नाही, झुलवता येत नाही. मियाँ की मल्हारातील कोमल गंधार तर आंदोलनावरच जगतो. तोडीचा गंधारही पट्टीच्या गंधारापेक्षा खाली असतो, असे जाणकार मानतात. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० पासून पेटीवर बंदी घातली होती आणि तबकडी निघाली तेव्हाही ती उठलेली नव्हती. पेटी चालत नाही, तेथे पियानो कसा चालावा?

गिटारची गोष्ट वेगळी. तार बोटाने ओढता येते, म्हणजे थोडी मींड मिळते. आदल्याच वर्षी, १९६७ मध्ये, एचएमव्हीनेच 'कॉल ऑफ द व्हॅली' काढली होती. त्यात ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार आडवी ठेवून, तारेवर सळई सरकवत राग वाजवले. सोबत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी. त्या निर्मितीमागे भावगीतगायक जी. एन. जोशी होते. ती तबकडी जगभर गेली. तिथे गिटारने रागापुढे मान तुकवली होती. शंकर-जयकिशन यांच्याकडे रागाला गिटार-पियानोच्या घरी राहायला जायचे होते.

ते घर प्रत्येक रागाला सारखे मानवत नाही. मालकंसात पंचम वर्ज्य आहे. षड्जावर साधी स्वरसंगती बांधायची तर पंचमच लागतो. मग पियानोवादकाने करायचे काय? त्याला मध्यमाचा आधार शोधावा लागतो आणि घराचा उंबरठाच बदलतो. उलट कलावती घ्या : षड्ज, गंधार, पंचम, कोमल निषाद. हे चार स्वर एकत्र दाबले की ब्लूज ज्या स्वरसंगतीवर उभे आहे, नेमकी तीच मिळते. शिवरंजनीचे षड्ज, कोमल गंधार, पंचम, धैवत हेही जॅझवाल्यांच्या रोजच्या ओळखीचे. या अकरांत कलावती आणि शिवरंजनी आहेत, हा योगायोग मानणे जड जाते.

श्रोत्यांची मते तेव्हापासून दोन बाजूंनी कुरकुरत आली आहेत. शास्त्रीय संगीताच्या रसिकाला येथे आलाप नाही, विस्तार नाही. चार-पाच मिनिटांत राग उरकल्यासारखा वाटतो. जॅझच्या रसिकाला वाटते की वादक मोकाट सुटतच नाहीत, सगळे आधीच लिहून दिल्यासारखे आहे. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. गंमत अशी की दोघेही एकच गोष्ट मागत आहेत : उपज. आणि ती देण्याची कुवत असलेले रईस खान व मनोहारी सिंग समोर बसलेले होते. कमतरता वादकांची नव्हती; तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्याची सवय जडलेल्या धंद्याची होती.

लंडनमध्ये जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर यांनी १९६६ मध्ये 'इंडो-जॅझ स्वीट' केली होती, म्हणून मुंबईची तबकडी ही नक्कल, असेही म्हटले जाते. हे मत टिकत नाही. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्येच मुंबईत रागांवर आधारित रचना पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या होत्या. त्या प्रयोगाला पैसा पुरला नाही, एवढेच.

१२ सप्टेंबर १९७१ रोजी जयकिशन गेले. शंकर पुढेही दोघांच्याच नावाने संगीत देत राहिले. तबकडी बराच काळ संग्राहकांच्या कपाटात राहिली. आता ती आंतरजालावर सहज ऐकता येते. कलावतीपासून सुरुवात करावी, तोडी शेवटी ठेवावी. आणि ऐकताना सतारीऐवजी मागचा पियानो आणि गिटार धरून ठेवावी. 'अलबेला'च्या काळापासून रेडिओवर ज्यांचे वादन चांदवडच्या चौकापर्यंत पोहोचत होते, त्या मंडळींपैकी दहा-बारा जणांना येथे नावानिशी ओळखता येते.