रंगाआधीची पेशी

श्रोतेहो, कोटरा सुल्तानाबादेत बसून आज पुण्याच्या एका लेकीचे स्मरण करू. कमल समर्थ, लग्नानंतरच्या रणदिवे, १९१७ साली जन्मल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

२००९ साली नेदरलँड्समध्ये एका मूळपेशीपासून आतड्याचे इवले प्रतिरूप वाढवले गेले. अशा प्रतिरूपांत चकाकत्या रंगाचे रेणू सोडले, की सूक्ष्मदर्शकाखाली आरएनए एका रंगात, प्रथिने दुसऱ्या रंगात उजळतात. आरएनए हा पेशीचा हुकूम, प्रथिन ही त्याची तामिली. हुकूम सुटूनही काम अडले, तर ते दोन्ही रंग शेजारी पाहिल्यावरच उमगते. रोगाचा माग काढताना हाच फरक मोलाचा.

मात्र रंगवण्याआधी पेशी काचेत जगवावी लागते. ती विद्या आपल्याकडे रुजवली कमलाबाईंनी.